जॉन गॉर्टन: तीनदा विमान आपटलेला वैमानिक पंतप्रधान कसा झाला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा जॉन गॉर्टन कोण बुवा?

ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान. 10 जानेवारी 1968 ते 10 मार्च 1971, म्हणजे बरोबर तीन वर्षं दोन महिने. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, त्यामुळे काळ लक्षात ठेवायला माझी एक आयडिया सांगतो. पतौडीची टीम 1967-68 ला ऑस्ट्रेलियात 4-0 मार खाऊन आली ना, त्या दौऱ्यातली मेलबर्नची टेस्ट (अजित वाडेकर 99 वर गेला ती) आणि ब्रिस्बेनची टेस्ट (जयसिंहाचं शतक) यांच्या मधल्या गॅपमध्ये या माणसाने शपथ घेतली. त्याआधी तो दुसऱ्या महायुद्धात फायटर पायलट होता आणि त्याआधी संत्र्यांच्या बागेचा मालक.

फायटर पायलट म्हणजे भरपूर विमानं पाडली असतील?

नाही. पाच विमानं पाडली की 'एस' म्हणतात, त्या यादीत हा कुठेच नाही. याची गोष्ट उलटी आहे, याने स्वतःचंच विमान तीन वेळा जमिनीवर आपटलं आणि तिन्ही वेळा जिवंत बाहेर आला. शिवाय एकदा जहाज बुडालं ते वेगळंच. म्हणून तर मला तो आवडतो, कारण युद्धातल्या हिरोंच्या गोष्टी वाचून वाचून कंटाळा येतो, आणि इथे एक माणूस आहे ज्याचं युद्ध म्हणजे सलग अपघात आणि तरी दरवेळी तो 'चला, पुढचं विमान कुठंय' म्हणत परत हजर.

लहानपण कसं गेलं? श्रीमंत घरचा होता का?

पैसा होता पण घर धड नव्हतं. जन्म 9 सप्टेंबर 1911 चा. वडलांचं पहिलं लग्न कायद्याने मोडलेलं नव्हतं, पहिली बायको घटस्फोट द्यायला तयार नव्हती, आणि जॉनची आई म्हणजे ॲलिस सिन नावाची दुसरीच बाई. थोडक्यात, त्या काळातल्या भाषेत 'अनौरस'. आई क्षयाने गेली 1920 ला, पोरगं तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचं, आणि मग त्याला पाठवलं कुठे तर वडलांच्या त्या पहिल्या बायकोकडे सिडनीला! तिथे गेल्यावर त्याला कळलं की आपल्याला एक सख्खी बहीण पण आहे, रूथ नावाची. हे सगळं तो मोठेपणी फारसं लपवत बसला नाही, पण 1968 ला देशाच्या पंतप्रधानाबद्दल हे बोलणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

पुढे जिलाँग ग्रामर नावाच्या भारी शाळेत, मग ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात. इंग्लंडमध्येच विमान चालवायला शिकला, हौस म्हणून. सुट्टीत स्पेनला गेला तिथे बेटिना ब्राउन भेटली, अमेरिकेतल्या मेन राज्यातली, 1935 ला लग्न. परत आला तर 1936 ला वडील गेले, आणि व्हिक्टोरियातल्या मिस्टिक पार्क गावची फळबाग याच्या गळ्यात पडली.

मग बाग सोडून हवाई दलात का गेला?

युद्ध लागलं म्हणून. नोव्हेंबर 1940 ला भरती झाला तेव्हा वय 29, दोन लेकरं घरात आणि बागेचं सगळं अर्धवट. फायटर पायलटसाठी 29 म्हणजे म्हातारपणच, बाकीची पोरं विशी-बाविशीतली. बाग बेटिनाने सांभाळली, हे बऱ्याच लेखांत एका ओळीत उरकतात म्हणून मुद्दाम सांगतोय. पॅरिसला भाषा शिकायला आलेली अमेरिकन बाई, ऑस्ट्रेलियाच्या त्या कोरड्या भागात लेकरं आणि संत्री दोन्ही सांभाळत बसली.

सिंगापूरला नक्की काय झालं?

ही सगळ्यात जास्त विचारली जाणारी गोष्ट आहे त्यामुळे सविस्तर सांगतो.

ट्रेनिंग संपवून इंग्लंडहून त्यांची तुकडी जहाजाने निघाली होती मध्यपूर्वेकडे. वाटेत जपानने युद्ध सुरू केलं आणि काफिला वळवला सिंगापूरकडे. जानेवारी 1942 च्या मध्याला 51 हरिकेन (ब्रिटिश लढाऊ) विमानं खोक्यांमध्ये पॅक केलेली अशी सिंगापूरला उतरली, ती उघडायची, जोडायची आणि लगेच उडवायची. लोकांना वाटलं होतं हरिकेन आलं म्हणजे आता जपान्यांची वाट लागणार, कारण ब्रिटनवरच्या लढाईत याच विमानाने नाव कमावलं होतं. पण जपानी झीरो विमान कमी उंचीवर हरिकेनपेक्षा कितीतरी चपळ वळायचं, वैमानिक अनुभवी, आणि संख्येनेही ते जास्त. इकडचे बरेच पायलट नवखे.

गॉर्टन 232 स्क्वाड्रनबरोबर उडत होता. झीरोंशी झटापट झाली, त्यानंतर इंजिन बंद, आणि खाली सिंगापूरच्या आग्नेयेला बिंतान बेट. तिथल्या एका धावपट्टीवर उतरवायचा प्रयत्न केला, पण चाकं मातीच्या बांधाला की खड्ड्याला अडकली आणि विमान उलटं झालं. तोंड समोरच्या यंत्रांवर जाऊन आदळलं. नाक, गालाची हाडं, सगळा चेहराच फुटला. उलट्या विमानातून कसाबसा बाहेर आला. तेव्हा ती बेटं डच लोकांच्या ताब्यात होती, तिथल्या डच सैनिकांनी उपचार केले आणि पुढे सिंगापूरच्या हॉस्पिटलात पोचवला.

आणि जहाज बुडालं ते?

तेच सांगतोय. सिंगापूर पडणार हे दिसायला लागलं तसं जखमींना बाहेर काढायला सुरुवात झाली. गॉर्टनला चढवलं 'डेरीमोर' नावाच्या जहाजावर, आणि त्यात भरलेला काय तर दारूगोळा! 13 फेब्रुवारी 1942 ला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. चेहऱ्यावर बँडेज बांधलेला हा माणूस तराफ्यावर, चारी बाजूंना समुद्र, आणि जवळजवळ एक दिवस तसाच. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियन नौदलाच्या 'बॅलरॅट' जहाजाने दोनशेहून जास्त लोकांना उचललं, त्यात हा एक.

15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. तिथे हजारो भारतीय सैनिक जपान्यांच्या हाती लागले आणि आझाद हिंद सेनेची गोष्ट तिथूनच सुरू होते, ती आपल्याला माहीत आहे. त्याच आठवड्यात त्याच समुद्रात तराफ्यावर हा पडलेला होता हे मला बरंच उशिरा लक्षात आलं, कारण आपण या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून वाचतच नाही.

फोटोत त्याचा चेहरा जरा वेगळा दिसतो, ते त्यामुळेच?

हो. प्लास्टिक सर्जरी झाली पण चेहरा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. तरुणपणी बऱ्यापैकी देखणा होता. नंतरचं ते ठेचलेलं नाक, एका बाजूला ओढल्यासारखं हसू, हे सगळं बिंतानचं. गंमत म्हणजे टीव्हीवर हाच चेहरा लोकांना आवडला. गुळगुळीत पुढाऱ्यांच्या रांगेत हा एकटाच शेतावरून थेट आल्यासारखा दिसायचा.

एवढं झाल्यावर परत उडाला?

उडाला ना! 77 स्क्वाड्रनमध्ये किटीहॉक विमानावर, डार्विनजवळ. तिथे सप्टेंबर 1942 ला इंधनाचा व्हॉल्व्ह चुकीच्या जागी होता म्हणून विमान जंगलात उतरवावं लागलं, काही दिवस तिथेच अडकून पडला मग शोधून काढला. हा दुसरा अपघात. मग न्यू गिनीला मिल्न बे. तिथे मार्च 1943 ला टेकऑफ घेताना इंजिन गेलं आणि विमान पुन्हा उलटं. हा तिसरा. त्यानंतर त्याला मिल्ड्युराला नव्या पोरांना शिकवायला पाठवलं, आणि 1944 संपता संपता फ्लाइट लेफ्टनंट म्हणून सुटका.

तीनदा विमान आपटलेल्या माणसाकडून शिकायचं म्हणजे काय ते त्या पोरांनाच माहीत, पण काय करू नये हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

राजकारणात कसा शिरला?

गावातून. 3 एप्रिल 1946 ला मिस्टिक पार्कच्या हॉलमध्ये युद्धावरून परतलेल्या पोरांचा सत्कार होता. गॉर्टन बोलायला उभा राहिला आणि लोकांना म्हणाला की इथे मी उभा आहे हे विसरा, माझ्या जागी जे परत आलेच नाहीत ती पोरं उभी आहेत असं समजा. आणि मग त्यांच्या तोंडून विचारल्यासारखं विचारलं, की आम्ही मेलो त्याच्या बदल्यात तुम्ही कसला देश बनवणार आहात? आजारपण, अपघात, म्हातारपण यांमुळे माणूस गरिबीत ढकलला जाऊ नये, हा मुद्दा त्यात होता. उजव्या पक्षातून पुढे पंतप्रधान झालेल्या माणसाचं हे पहिलं गाजलेलं भाषण आहे हे लक्षात घ्या. त्याला पुढे पक्षातले लोक 'हा आपला आहे का त्यांचा' असं का म्हणायचे ते इथेच कळतं.

त्याच वर्षी तो केरँगच्या स्थानिक कौन्सिलवर गेला, पुढे तिथला अध्यक्षही झाला. 1949 च्या डिसेंबरमध्ये लिबरल पक्षाचा नेता मेंझीस याची लाट आली त्यात त्याच पक्षाकडून सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर, निवडून आला. (लिबरल नाव असलं तरी तिकडे तो उजवा पक्ष, याच्यात नवीन वाचणाऱ्यांचा कायम गोंधळ होतो.)

मंत्री कधी झाला?

1958 ला, आणि खातं मिळालं नौदल. हवाई दलाच्या माणसाला नौदल! पण काम चांगलं केलं, पाचेक वर्षांत अमेरिकन बनावटीच्या नवीन विनाशिका, ब्रिटिश पाणबुड्या असं बरंच काही मार्गी लावलं. मग शिक्षण आणि विज्ञान.

देशाला तो माहीत झाला मात्र ऑक्टोबर 1967 मध्ये. मंत्री लोक हवाई दलाची व्हीआयपी विमानं कशी वापरतात याच्यावरून बोंब झाली होती. सरकारने सांगून टाकलं की प्रवाशांच्या नोंदी ठेवलेल्याच नाहीत. गॉर्टन तेव्हा सिनेटमधला सरकारचा नेता, त्याने हवाई खात्यात चौकशी केली तर नोंदी व्यवस्थित होत्या, मग काय, गठ्ठा आणून सिनेटच्या टेबलावर ठेवला. स्वतःचंच सरकार तोंडावर पडलं, पण लोकांना वाटलं निदान एक तरी माणूस खरं बोलतोय.

पंतप्रधानपद कसं मिळालं? निवडणूक जिंकून?

नाही, पंतप्रधान समुद्रात हरवला म्हणून. हे वाचताना खोटं वाटतं पण खरं आहे. हॅरल्ड होल्ट 17 डिसेंबर 1967 ला मेलबर्नजवळ पोर्टसीच्या चेव्हियट बीचवर पोहायला गेला तो परत आलाच नाही, देहसुद्धा मिळाला नाही. आघाडीतल्या कंट्री पक्षाचा मॅक्यूअन हंगामी पंतप्रधान झाला आणि त्याने जाहीर सांगितलं की लिबरल पक्षाचा उपनेता मॅकमहन पंतप्रधान होणार असेल तर आम्ही सरकारात राहणार नाही. मुख्य दावेदाराचाच पत्ता कट! मग लिबरल पक्षात मतदान झालं, चार जण उभे, शेवटी गॉर्टन विरुद्ध पॉल हॅस्लक, आणि गॉर्टन जिंकला.

पण तो होता सिनेटर, आणि रिवाज असा की पंतप्रधान खालच्या सभागृहातला हवा. म्हणून 1 फेब्रुवारीला सिनेट सोडलं आणि होल्टच्याच रिकाम्या झालेल्या हिगिन्स मतदारसंघातून 24 फेब्रुवारीला निवडून आला. म्हणजे मधले तीन आठवडे हा माणूस दोन्ही सभागृहांपैकी कशातच नव्हता आणि तरी पंतप्रधान होता. सिनेटमधून थेट पंतप्रधान झालेला ऑस्ट्रेलियात हा एकटाच.

पंतप्रधान म्हणून काय केलं?

खूप काही सुरू केलं, पूर्ण थोडंच झालं. सिनेमाला सरकारी पैसा द्यायची सुरुवात त्याच्या काळातली. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियन सिनेमाला जी पालवी फुटली तिचं श्रेय व्हिटलमला (पुढे विरोधी लेबर पक्षाकडून पंतप्रधान झालेला) बरेच लोक देतात पण खत गॉर्टनने घातलं होतं. व्हिएतनामबद्दल त्याने येताच सांगितलं की आणखी सैन्य वाढवणार नाही, आणि 1970 ला माघार सुरूही झाली, अर्थात रस्त्यावर तोपर्यंत मोठमोठे मोर्चे निघत होते त्यामुळे त्याला शांततेचा दूत वगैरे म्हणायचं कारण नाही.

खरी भांडणं झाली राज्यांशी. किनाऱ्यापलीकडच्या समुद्रातलं तेल-खनिज कुणाचं, केंद्राचं का राज्यांचं? गॉर्टन म्हणाला केंद्राचं. व्हिक्टोरियाचा बोल्ट आणि न्यू साउथ वेल्सचा ॲस्किन, दोघेही याच्याच पक्षाचे प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री, दोघेही भडकले. केंद्र-राज्य भांडण काय असतं हे आपल्याला कुणी समजवायची गरज नाही, फक्त इथे दोन्हीकडे सत्ता एकाच पक्षाची होती, म्हणजे घरातलंच भांडण.

भारताशी काही संबंध?

मे 1968 ला इंदिरा गांधी ऑस्ट्रेलियाला गेल्या, भारताच्या पंतप्रधानाची ती तिथली पहिलीच भेट, यजमान गॉर्टन. ती व्हायला स्वातंत्र्यानंतर एकवीस वर्षं लागली यातच काय ते समजा.

त्याच्यावर टीका कशाबद्दल व्हायची?

वागण्याबद्दल जास्त. मनाला येईल ते करायचा, सल्ला घ्यायचा नाही, मंत्रिमंडळाला विचारण्याआधीच बोलून मोकळा व्हायचा. त्याची खाजगी सचिव एन्सली गॉटो 22 वर्षांची होती आणि फार हुशार, जुन्या जाणत्या पुढाऱ्यांना तिच्यामार्फत जावं लागायचं हे काही पचलं नाही, मंत्रिपद गेलेल्या एकाने तर जाहीरपणे तिच्या अंगकाठीवरून घाणेरडा शेरा मारत खापर तिच्यावर फोडलं. ते तेव्हा लोकांनी हसण्यावारी नेलं. नोव्हेंबर 1968 ला पत्रकारांच्या जेवणानंतर मध्यरात्री एका 19 वर्षांच्या महिला पत्रकाराला घेऊन हा अमेरिकन वकिलातीत जाऊन बसला, त्यावरून पुढे संसदेत गदारोळ झाला. काही वावगं घडलं असं कुणी सिद्ध केलं नाही पण पंतप्रधानाने असं करावं का? माझं मत, नाही.

ऑक्टोबर 1969 च्या निवडणुकीत सुमारे सात टक्के मतं फिरली. सरकार वाचलं पण बहुमत कसंबसं सातवर आलं.

ते 33-33 काय प्रकरण आहे? स्वतःविरुद्ध मत दिलं म्हणतात ते खरं का?

अर्धवट खरं. मार्च 1971 ला संरक्षणमंत्री माल्कम फ्रेझरने राजीनामा दिला. निमित्त होतं व्हिएतनाममधल्या सैन्याबद्दलच्या बातम्यांचं, फ्रेझरचं म्हणणं पंतप्रधान माझ्या पाठीशी उभा राहिला नाही, उलट दगा दिला. 9 मार्चला संसदेत गॉर्टन उत्तर देत असताना पत्रकार कक्षातून एक पत्रकार 'खोटारडा' म्हणून ओरडला, असं तिथे आधी कधी बघितलं नव्हतं कुणी.

दुसऱ्या दिवशी पक्षाची बैठक, गॉर्टनवर विश्वासाचा ठराव, मोजणी झाली, 33 विरुद्ध 33. आता लोकप्रिय कथा अशी की अध्यक्ष म्हणून त्याने आपलं निर्णायक मत स्वतःच्याच विरोधात टाकलं. पण तसं निर्णायक मत त्याला नव्हतंच. बरोबरी झाली म्हणजे त्याने खुर्ची सोडलीच पाहिजे अशी सक्तीही नव्हती, चिकटून बसायचं तर बसता आलं असतं. तो एवढंच म्हणाला की याला काही विश्वास म्हणत नाहीत, पक्षाने दुसरा नेता निवडावा. मॅकमहन पंतप्रधान झाला. आणि मग कहर म्हणजे गॉर्टन उपनेतेपदाला उभा राहिला आणि जिंकला, आणि फ्रेझरने सोडलेलं संरक्षण खातंच याला मिळालं! पण ते ऑगस्टपर्यंतच, वर्तमानपत्रात सहकाऱ्यांचे वाभाडे काढणारे लेख लिहिले म्हणून मॅकमहनने काढून टाकला.

त्यानंतर राजकारण सोडलं का?

सोडलं नाही, उलट मोकळा सुटला. ऑक्टोबर 1973 ला विरोधी बाकांवरून त्याने ठराव मांडला की प्रौढ माणसांनी संमतीने, खाजगीत ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा असू नये. दोन्ही पक्षांतल्या खासदारांनी स्वतःच्या मनाने मतं दिली आणि ठराव पास झाला. आपल्याकडे हे 2018 ला सुप्रीम कोर्टातून झालं, त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी एक साठी ओलांडलेला माजी फायटर पायलट, तोही उजव्या पक्षातला, हे संसदेत मांडत होता. त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं मला हे सगळ्यात भारी वाटतं, पंतप्रधानपदापेक्षाही.

फ्रेझरला माफ केलं का शेवटी?

छे. मार्च 1975 ला फ्रेझर पक्षाचा नेता झाला, मे मध्ये गॉर्टनने पक्षच सोडला. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलने व्हिटलमचं सरकार बरखास्त करून फ्रेझरला बसवलं तर गॉर्टनने लोकांना उघड सांगितलं, लेबरला मत द्या. स्वतः कॅनबेराहून सिनेटला अपक्ष उभा राहिला आणि पडला.

19 मे 2002 ला सिडनीत गेला, नव्वदीत. सिडनीच्या सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलमध्ये शोकसभा झाली, बोलायला टॉम ह्यूज, गॉर्टनच्या सरकारातला ॲटर्नी जनरल आणि स्वतःही महायुद्धातला वैमानिक, सागरी विमानं उडवलेला. समोर फ्रेझर बसलेला. ह्यूजने त्याच्या तोंडावर 1971 चा सगळा हिशोब वाचून दाखवला. मयताच्या कार्यक्रमात असं बोलावं की नाही यावर तिकडे बरेच दिवस वाद चालला. गॉर्टनला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते सांगायची गरज नाही.

मिस्टिक पार्क बघायला जाता येतं का?

येतं. मेलबर्नला आपली बरीच मंडळी आहेत त्यांच्यासाठी: केरँग आणि स्वॉन हिलच्या मधे, मरे व्हॅली हायवेवर, मेलबर्नहून साधारण तीनशे किलोमीटर. गाव अगदीच छोटं आहे, शेजारी कांगारू लेक. कॅनबेराला असाल तर सरकारी कचेऱ्यांची एक मोठी जुनी इमारत आता 'जॉन गॉर्टन बिल्डिंग' म्हणून ओळखली जाते, ती बाहेरून बघता येईल, पण माझं ऐकाल तर मिस्टिक पार्कलाच जा आणि उन्हाळा टाळा.